कर्जत-खालापूरच्या रानातील हरणांची शिकार आणि ‘एकाच बंदुकी’चा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हिंदुस्थानातील शिकारीवर जे इंग्रजी ग्रंथ निघाले, त्यांत एक प्रश्न वारंवार चर्चिलेला आढळतो. शिकाऱ्यास एकच बंदूक बाळगावयाची असेल, आणि जनावर कधी वीस पावलांवर तर कधी दोनशे यार्डांवर उभे राहणार असेल, तर ती बंदूक कोणती असावी? हा प्रश्न सामान्यतः बंदूककारांच्या कारागिरीचा म्हणून सोडून देण्यात येतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो सोडून देण्याजोगा नाही. बंदुकीची निवड ज्या अंतरावर अवलंबून असते ते अंतर रानाच्या घडणीवर, ऋतूवर, राज्यकर्त्यांच्या कायद्यांवर आणि रानात राहणाऱ्या माणसांच्या श्रमावर अवलंबून असते. ग्रंथकारांनी यांपैकी पहिल्या दोहोंचा विचार पुष्कळ केला, उरलेल्या दोहोंचा फारच थोडा. सह्याद्रीच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे तालुके या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहेत.

हा मुलूख मुळात ठाणे जिल्ह्यातला. पनवेल तालुका १८८३ मध्ये व कर्जत १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आला, आणि त्या जिल्ह्याचे रायगड हे नाव १९८१ चे आहे. म्हणून १८८२ च्या सुमाराची कर्जतची माहिती शोधणाऱ्याने कुलाब्याचे नव्हे तर ठाण्याचे गॅझेटिअर उघडावयास हवे. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्याने पुष्कळांची वाट चुकते. पूर्वेस सह्याद्रीचा उभा कडा, त्याच्या अंगाला राजमाची, ढाक, पेठचा कोथळीगड व वर भीमाशंकर. पश्चिमेस माथेरान, प्रबळ व इर्शाळ यांची सुटी रांग. मध्ये उल्हास व पाताळगंगा यांची खोरी. खोऱ्यात भातखाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरीची वरकस जमीन व गवताचे माळ, आणि त्याहून वर कड्याला भिडलेले दाट रान. दोन-तीन कोसांच्या चालीत माणूस या सर्व पट्ट्यांतून जातो. शिकाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर एकाच सकाळी त्याला पंधरा पावलांची आणि दीडशे यार्डांची अशी दोन्ही अंतरे भेटतात.

जनावरांच्या बाबतीतही तीच विविधता. ठाण्याच्या गॅझेटिअरमधील वन्य प्राण्यांच्या वर्णनात सांबर, चितळ, भेकर आणि पिसोरी या सर्वांचा उल्लेख आहे. मराठीत या सर्वांना सैलपणे हरीण म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञ पिसोरीला खऱ्या हरणांच्या कुळात घेत नाहीत आणि चौशिंगा तर त्यांच्या मते हरीणच नव्हे. शिकाऱ्याला या वर्गीकरणापेक्षा वजनाचे महत्त्व अधिक. पूर्ण वाढलेला सांबर खांद्याशी पाच फुटांच्या आसपास उंच व पाचशे ते सातशे पौंड वजनाचा भरतो; भेकराचे वजन पन्नास पौंडांच्या आत-बाहेर, आणि पिसोरी खांद्याशी जेमतेम एक फूट. चितळाला गवताळ, मोकळे रान मानवते, घाटाच्या अतिपावसाच्या उतारांवर ते फारसे रमत नाही. त्यामुळे या तालुक्यांत हरणाची शिकार म्हणजे मुख्यतः सांबर आणि भेकर यांची शिकार असे समजण्यास हरकत नाही. एकच हाका चालू असताना झुडपातून यांपैकी कोण बाहेर पडेल हे आगाऊ सांगता येत नाही. सांबराला पुरेल अशी गोळी भेकराच्या मांसाची नासाडी करते, आणि भेकराला पुरणारे छरे सांबराच्या कातड्याखाली अडकून राहून जनावर जखमी होऊन निघून जाते.

यात ऋतूची भर पडते. माथेरानला वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यानंतर माळावरचे गवत पुरुषभर उंच असते आणि रानात पंधरा-वीस पावलांपलीकडे दृष्टी पोचत नाही. मार्गशीर्ष-पौषापर्यंत गवत कापले जाते. फाल्गुन-चैत्रात साग, ऐन यांची पाने झडतात, वणवे लागतात, आणि ज्या जागी आश्विनात पुढचा माणूस दिसत नव्हता त्या जागेवरून समोरचा सबंध उतार उघडा दिसतो. म्हणजे एकाच जागेचे ‘अंतर’ वर्षभरात पाचपट-सहापट बदलते. शिवाय जमीन चढ-उताराची असल्याने वरून खाली किंवा खालून वर मारलेली गोळी सपाटीच्या हिशेबापेक्षा उंच लागते. सपाट चांदमारीच्या मैदानावर हात तयार केलेला मनुष्य घाटाच्या उतारावर चुकतो तो या कारणाने.

बंदुकीपूर्वीच्या साधनांकडे पाहिले तर त्यांच्या मागे असलेला विचार स्पष्ट होतो. ठाकूर व कातकरी यांची साधने म्हणजे तीरकमठा, गलोल, फासे, जाळी आणि कुत्री. या साधनांपैकी एकही लांबचा मारा करणारे नाही. लांबच्या जनावरावर मारा करण्याऐवजी जनावर जवळ आणणे, किंवा ते जवळून जाणार ती वाट ओळखून तेथे आधीच बसणे, हे त्यांचे तंत्र. पाणवठा, मिठाची जमीन, फळ गळणारे झाड, दोन टेकड्यांमधली खिंड यांचे ज्ञान हीच त्यांची ‘लांब पल्ल्याची’ शक्ती होती. या मुलखाच्या लष्करी इतिहासातही हेच तत्त्व एकदा मोठ्या प्रमाणावर प्रकट झाले. १६६१ मध्ये शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात येत असता खालापूर भागातील उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी त्याला गाठले. परमानंदाच्या शिवभारतात या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे. मोगली फौज संख्येने व साधनांनी मोठी होती, परंतु अरुंद, झाडीने भरलेल्या खिंडीत वाटेच्या दोन्ही अंगांना आधीच बसलेल्यांपुढे ती निरुपाय झाली. शिकारीची उपमा लढाईला लावणे एरवी धोक्याचे. येथे मात्र दोन्हीकडे भूमीच अंतर ठरवीत होती.

तोड्याच्या बंदुकीने या तंत्रात मोठा बदल केला नाही. तिची नळी गुळगुळीत, गोळी नळीत सैल बसणारी, बार उडण्यापूर्वी तोडा पेटता ठेवावा लागणारा. त्यामुळे चालत्या जनावरावर ती चालविणे कठीण, आणि दव-पावसात तर अशक्यच. चकमकीची व पुढे टोपीची बंदूक आली तेव्हा बार लवकर उडू लागला, तरी गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीचा भरवसा साठ-सत्तर यार्डांच्या पुढे धरण्यात येत नसे. ही मर्यादा कर्जतच्या दाट रानात जाणवण्यासारखी नव्हती. ती उघड्या माळावर जाणवली, आणि ज्यांना रानाची वाट ठाऊक नव्हती त्यांना अधिक जाणवली.

लांब अंतराचा ध्यास ज्या माणसाने पराकोटीला नेला तो मुंबई लष्करातलाच होता. सिंधच्या सरहद्दीवर जेकबाबाद वसविणारा जॉन जेकब हा तोफखान्याचा अधिकारी. त्याने चार खोल आट्यांची, दुनळी, बत्तीस बोअरची रायफल तयार करविली. तिच्या नेमाच्या पट्टीवर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या आणि स्फोटक गोळ्यांचे प्रयोग त्याने जेकबाबादच्या मोकळ्या वाळवंटी मैदानावर केले. जेकब १८५८ मध्ये वारला, पण त्याची रायफल शिकाऱ्यांतही काही काळ लोकप्रिय झाली. सिंधच्या क्षितिजापर्यंत उघड्या भूमीवर जन्मलेले हे हत्यार सह्याद्रीच्या पायथ्याशी आणणे म्हणजे समुद्रावरचे जहाज ओढ्यात आणण्यासारखे होते.

याच्या नेमकी उलट बाजू मांडली ती बंगाल स्टाफ कोअरमधील जेम्स फॉर्सिथ याने. मध्य प्रांतातील रानांचा त्याला अनुभव होता. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, रानातील शिकाऱ्याला हजार यार्डांची रायफल नको आहे; जवळच्या अंतरात नेमाची पट्टी खालीवर न करता जिच्यावर विसंबता येईल अशी हवी आहे. त्याचा उपाय असा: मोठ्या बोअरची नळी, तीत अगदी हळू वळण घेणारे आटे, वाटोळी गोळी आणि दारूचे भारी प्रमाण. शिकारी अंतराचा अंदाज किती चुकीचा करतो हे ज्याने पाहिले आहे त्याला या विचारातील शहाणपण कळते.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. नळीतून निघालेली गोळी पहिल्या क्षणापासून खाली येऊ लागते. किती खाली येईल हे तिला अंतर कापण्यास लागणाऱ्या वेळावर अवलंबून असते. सेकंदाला १,२०० फूट वेगाने निघालेली वाटोळी गोळी ५० यार्डांवर नळीच्या रेषेखाली सुमारे साडेतीन इंच, तर १०० यार्डांवर सुमारे सव्वा फूट येते. सेकंदाला १,९०० फूट वेगाची गोळी १०० यार्डांवर सहा इंचांच्या आसपास आणि १५० यार्डांवर सव्वा फुटाच्या आसपास खाली येते. भेकराच्या छातीचे मर्मस्थान हाताच्या पंजाएवढे. म्हणजे पहिल्या प्रकारच्या बंदुकीने शंभर यार्डांवरच्या भेकरावर पन्नास यार्ड समजून नेम धरणारा शिकारी त्याला चुकणार किंवा, त्याहून वाईट, त्याचा पाय मोडणार. वेगवान गोळीत ही चूक बऱ्याच अंशी पचते.

वेग वाढविण्याच्या याच विचारातून ‘एक्सप्रेस’ रायफली निघाल्या. हे नाव जलद आगगाडीवरून घेतलेले. पुढील दशकांत .४५० व .५०० व्यासाच्या एक्सप्रेस रायफली हिंदुस्थानातील इंग्रज शिकाऱ्यांच्या हाती सर्वत्र दिसू लागल्या. काळ्या दारूचे मोठे प्रमाण आणि हलकी, टोकाशी पोकळ गोळी असा त्यांचा घाट. दीडशे यार्डांपर्यंत एकाच नेमाने काम भागू लागले. परंतु हलकी पोकळ गोळी झुडपाच्या काटक्यांना लागताच फुटते किंवा भरकटते, आणि काळ्या दारूच्या धुराने पुढचे क्षणभर काहीच दिसेनासे होते. चैत्रातल्या उघड्या उतारावर उत्कृष्ट ठरणारे हे हत्यार आश्विनातल्या करवंदीच्या जाळीत निरुपयोगी ठरे.

या दोहोंमधला मार्ग जॉर्ज फॉस्बेरी या बंगाल लष्करातील अधिकाऱ्याने काढला. १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला हा मनुष्य शस्त्रांच्या यंत्ररचनेतही निष्णात होता. १८८५ मध्ये त्याने पेटंट घेतलेली ‘पॅराडॉक्स’ बंदूक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने बाजारात आणली. नळी जवळजवळ पूर्ण गुळगुळीत, केवळ तोंडाजवळच्या दोनएक इंचांत आटे. त्यामुळे तीच बंदूक छऱ्यांच्या काडतुसाने पक्षी मारी आणि जड गोळीने शंभर यार्डांपर्यंत रायफलीसारखी चाले. बारा बोअरच्या पॅराडॉक्सची गोळी सातशे ग्रेनहून जड, वेग सेकंदाला अकराशे फुटांच्या घरात. एका नळीत छरे व दुसरीत गोळी भरून हाक्याच्या तोंडाशी बसणाऱ्यास पिसोरीपासून सांबरापर्यंत जे येईल त्याला तोंड देता येई. कर्जत-खालापूरसारख्या रानासाठी कारखान्यात काढलेल्या बंदुकींपैकी हिच्याइतकी योग्य दुसरी दाखविणे कठीण आहे. आणि तरीही ध्यानात घेण्याजोगे हे की, तिची मर्यादा शंभर यार्ड होती. कोकणच्या घाटरानाला ती योग्य वाटते ती लांबचा हव्यास सोडल्यामुळे.

तो हव्यास सोडणे शिकाऱ्याला परवडत होते, कारण अंतर कमी करण्याचे काम दुसरे कोणी करीत होते. कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ मध्ये आली, बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये माथेरान ‘शोधले’ होतेच. मुंबईचा अधिकारी वा व्यापारी नेरळ किंवा कर्जत स्थानकावर काही तासांत उतरू शकत होता. त्याला रान ठाऊक नव्हते, आणि सुटीच्या दोन दिवसांत ते ठाऊक होण्यासारखेही नव्हते. ते ज्ञान ठाकूर-कातकऱ्यांकडे होते. सांबर दिवसा कोणत्या घळीत बसते, उठले तर कोणत्या खिंडीने निघते, वारा कोणत्या अंगाने असता हाका कोठून घालावयाचा, हे ते सांगत. मग तेच अर्धवर्तुळ करून ओरडत, डबे वाजवीत, काट्यांतून चालत, आणि जनावर शिकाऱ्याच्या पुढ्यात तीस-चाळीस पावलांवर आणून सोडीत. दीडशे यार्डांचे अंतर तीस यार्डांचे करणारे यंत्र बर्मिंगहॅम किंवा लंडनमध्ये तयार होत नव्हते, ते कर्जतच्या वाड्यांत राहत होते. शिकारग्रंथांत बंदुकीची नळी, आटे, दारू यांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. हाकेकऱ्यांना किती मजुरी द्यावी एवढाच मजकूर त्यांच्या वाट्याला येतो. सर्वोपयोगी बंदुकीची सारी चर्चा या मजुरीच्या पायावर उभी आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. जखमी जनावराचा रक्ताचा माग काढण्याचे, म्हणजे बंदुकीने केलेली चूक निस्तरण्याचे कामही त्यांचेच असे, आणि त्यातला धोकाही त्यांचाच.

ज्यांच्या ज्ञानावर शिकार चाले त्यांच्या स्वतःच्या शिकारीचे काय झाले, हे पाहताना १८७८ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या एकाच वर्षी हिंदी शस्त्र कायदा आणि हिंदी वन कायदा हे दोन्ही संमत झाले. पहिल्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले. दुसऱ्याने राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, सापळे व फासे लावणे यांस शिक्षा सांगितली. बंदुकीवर एक कायदा आणि फाश्यावर दुसरा, अशी दोन्हीकडून नाकेबंदी झाली. शस्त्र कायद्याखालील नियमांत युरोपियनांना परवान्यातून सूट होती. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि वंशावर आधारलेली ही सूट १९२० च्या नियमांनी काढून टाकण्यात आली. राष्ट्रीय सभेच्या मंडपातील वाद मुख्यतः सुशिक्षितांच्या स्वाभिमानाचा होता. दळीच्या तुकड्यावर नाचणी पेरणाऱ्या ठाकराचा प्रश्न त्या ठरावांत क्वचितच डोकावतो, आणि त्याचा प्रश्न तर रोजच्या भाकरीचा होता. रात्री सांबरांचा किंवा डुकरांचा कळप शेतात उतरला की त्याला माळ्यावर बसून आरडाओरडा करण्यापलीकडे उपाय उरला नाही. ज्या थोड्या शेतकऱ्यांना परवाना मिळे त्यांच्या हाती ठासणीची बंदूक असे. माळ्यावरून अंधारात पंधरा-वीस पावलांवर मारावयाचे असल्याने ती त्या कामाला पुरेशीही होती; पहिला बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर मात्र थांबत नसे.

बंदुकीच्या व्यासावरही कायद्याची नजर होती. फौजी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या रायफलींची व काडतुसांची हिंदुस्थानातील आयात बंद झाली, आणि इंग्लंडमधील बंदूककारांनी .४७०, .४६५ अशा नव्या व्यासांची काडतुसे काढली. फौजी .३०३ काडतूसही नागरिकाला वर्ज्य राहिले. हरणाच्या शिकारीला मध्यम अंतरावर अत्यंत योग्य असे हे काडतूस हाती नसल्याने स्वतंत्र भारतात सरकारी आयुध निर्माणीने नागरिकांसाठी .३१५ व्यासाची रायफल काढली. तिची घडण फौजी ली-एनफिल्डच्याच धर्तीची, काडतूस तेवढे निराळे. आजच्या भारतीय शिकारकथांत जिचा वारंवार उल्लेख येतो ती ही रायफल कोणा शिकाऱ्याच्या आवडीतून जन्मलेली नाही. ती कायद्याच्या कलमातून जन्मलेली आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने हा क्रम अधिक स्पष्ट शब्दांत मांडला. त्याच्या तेराव्या कलमानुसार संरक्षण किंवा शिकार यांसाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा, आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्याला तो द्यावा असे ठरले. रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखविणे आवश्यक झाले. शेतकऱ्याला ठासणी, सामान्य शिकाऱ्याला छऱ्याची, आणि ज्याची पोच आहे त्याला रायफल, अशी ही उतरंड. तिचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, पुष्कळ सांबरे रायफलीने मरण्याऐवजी ‘एल. जी.’ छऱ्यांनी जखमी होऊ लागली. हे छरे तीस-चाळीस यार्डांपलीकडे इतके पांगतात की मोठ्या जनावराला एखाद-दुसराच लागतो, आणि ते दूर कोठे तरी घळीत जाऊन दिवसांनी मरते.

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशु-पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा करून शिकारीस परवाने व बंदीचा काळ लावला होता. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, चितळ व भेकर यांना तिसऱ्या, आणि पिसोरीला पहिल्या अनुसूचीत घातले. या कायद्याच्या मूळ सतराव्या कलमात बंदुकीचा तो जुना वाद कायदेपंडितांच्या भाषेत पुन्हा अवतरला: मोठी शिकार रायफलीनेच करावी, छऱ्याच्या बंदुकीने करावयाची तर परवान्यात तशी खास मुभा असावी आणि काडतूस एकाच गोळीचे असावे. रात्री, कृत्रिम प्रकाशात, पाणवठ्यावर व मिठाच्या जमिनीवर मारण्यासही त्याच कलमाने मनाई केली. जखमी जनावरांची संख्या घटविण्याच्या दृष्टीने हा नियम निर्विवादपणे योग्य होता. पण त्याबरोबर हेही खरे की, त्या कलमात निषिद्ध ठरलेल्या रीतींपैकी अनेक जवळून मारण्याच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या हत्याराला साजेशा होत्या.

हे कलम १९९१ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले, कारण त्या दुरुस्तीने परवाना घेऊन करावयाची शिकारच बंद झाली. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले असून कर्जतच्या माथ्यावरचा काही भाग त्यात मोडतो. शस्त्र कायद्यातील पीकरक्षणाच्या ठासणीचे कलम मात्र पुस्तकात राहिले. त्यानुसार परवाना मिळालेल्या शेतकऱ्यालाही नाचणीत उतरलेल्या सांबरावर चाप ओढण्यापूर्वी वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते.